खुर्चीमागची जागा

"रविवारी दुपारी जेवायला तुमच्यातलंच एक माणूस बोलावलंय," असं कंत्राटदार म्हणाला तेव्हा जुन्या सामानाचा पारखी एका मोठ्या टेबलाखाली वाकून पायांचे सांधे बोटांनी चाचपत होता. लिलावघरात माल आला की तो आधी खालून बघायचा. वरून पॉलिश काय, कोणीही मारतं. तो तसाच वाकलेला राहिला आणि तिथूनच म्हणाला, "आमच्यातलं म्हणजे?" टेबलाच्या पलीकडे कंत्राटदाराचे बूट खुशीत टाचांवर झुलत होते. "अहो, तुमच्या घरच्या खुर्चीवर ज्यांचं चिन्ह कोरलंय ना, त्या घराण्यातले. सत्तरी उलटली तरी अजून धाकटे साहेबच म्हणतात म्हणे त्यांना. एकाच्या ओळखीने गाठ पडली. म्हटलं, लग्नाची तारीख ठरवायची त्या दिवशी व्याह्यांच्या तोलामोलाचं कोणीतरी हवं. तुमची ओळख असेलच." टेबलाच्या पोटाशी जुन्या सरसाचा वास कोंडला होता. तो त्याच्या घशात उतरला. "आहे," तो म्हणाला, आणि उठताना त्याचं डोकं फळीच्या कडेवर आपटलं. कंत्राटदार हसला, सांभाळा म्हणाला आणि गेला.

कंत्राटदार गेल्यावरही तो बराच वेळ तिथेच उभा होता. शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात कधी जाऊन बसला ते त्याला कळलं नाही. हे नेहमीचंच. बसणाऱ्याला खुर्ची गादीवरून कळते. त्याला ती मागून कळायची. पाठीच्या वरच्या दांडीवर, दोन्ही टोकांना, जिथे पॉलिश विरून लाकूड उघडं पडलेलं असतं तिथे बोट ठेवून तो सांगायचा, ही मोठ्या घरातली. गिऱ्हाइकं थक्क व्हायची. ते पॉलिश बसणाऱ्यांनी विरवलेलं नसतं, हे त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही. कंत्राटदार पहिल्यांदा आला तो असाच, नव्या बंगल्यासाठी टेबल घ्यायला. दालनात अंथरलेल्या गालिच्यावरून न चालता हा माणूस कडेच्या उघड्या फरशीवरून चालतो, काटा-चमचा उचलतो तर आवाज होत नाही, हे बघून तो हरखून गेला होता. "तुम्हाला हे सगळं कसं काय कळतं हो?" त्याने विचारलं होतं. "लहानपणापासून घरात पाहिलंय," याने उत्तर दिलं होतं. यात खोटं काय होतं? घर कोणाचं, हे कंत्राटदाराने विचारलं नाही. जन्मभर इमारतींचे पाये खणणाऱ्या माणसाने इथे मात्र एक फावडंही मारलं नाही. पुढे याची मुलगी कंत्राटदाराच्या कचेरीत नकाशे काढायला लागली, कंत्राटदाराच्या मुलाचं आणि तिचं जमलं, कंत्राटदार घर बघायला आला आणि बैठकीतल्या खुर्चीसमोर थबकला. "हे चिन्ह?" "वडिलांना मिळालेली आहे." तेही खरंच. त्या दिवसापासून कंत्राटदार त्याला नावाने हाक मारायचा थांबला आणि व्याही म्हणायला लागला. कंत्राटदाराच्या बायकोचा त्याआधी या लग्नाला विरोध होता. लिलावघरातल्या माणसाची पोर आमच्या घरात, असं ती म्हणाली होती, आणि ते मुलीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. खुर्ची बघितल्यावर तिचा विरोध मावळला. एका खुर्चीवर उभं राहिलेलं लग्न होतं ते.

खुर्चीवर नाही, खुर्चीमागे. त्या मोठ्या घरात जेवणाच्या दालनात प्रत्येक खुर्चीमागे एक माणूस उभा असायचा. त्यांना नावं होती, पण ती दालनाबाहेर ठेवून यायची, पायताणांबरोबर. आत सगळ्यांना एकच नाव, मागला. मान न वळवता कोणीतरी म्हणायचं, मागल्या, पाणी; मागल्या, खिडकी; आणि ज्याच्यापुढची ती मान असेल तो हलायचा. त्याचा आजा मागला होता, बाप मागला होता. बापाची पाठ आखडली, माणसं कमी पडली, तेव्हा तोही दोन हिवाळे मागला होता, धाकट्या साहेबांच्या खुर्चीमागे. तेव्हा तो विशीचा होता. बापाने त्याला सगळं शिकवलं. सगळे बसेपर्यंत खुर्चीमागून हलायचं नाही. गालिच्यावर पाय ठेवायचा नाही. जेवणाऱ्याच्या मानेवर आपला श्वास पडू द्यायचा नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि नजर ताटाच्या काठावर. शेवटी टेबलावर टाकलेले रुमाल घडी करून उचलायचे. "त्यांनी मागितलं आणि मग दिलं, तर तो हमाल," बाप म्हणायचा. "हात मागे यायच्या आत आपला हात तिथे पाहिजे. पाठ वाचायची." बापाला थोरल्या साहेबांच्या मानेवरून कळायचं की आज रागावलेत, आज पत्ते हरलेत, आज बाईसाहेबांशी बोलणं बंद आहे. त्यांचं तोंड त्याने फारसं पाहिलंच नव्हतं. "त्यांना पाठ नाही आणि आपल्याला तोंड नाही. हिशेब सरळ आहे," असं तो म्हणायचा, आणि हे सांगताना त्याला राग तर सोडाच, चक्क अभिमान वाटायचा. मुलाला संताप यायचा तो या अभिमानाचा. आमच्या घराण्यात असं चालत नाही, असं बाप बोलायचा. आमच्या म्हणजे त्यांच्या. आईला यात काही वावगं वाटत नसे. तिला पगार वेळेवर येत नाही एवढंच वावगं वाटायचं.

मग बडा घर पोकळ वासा म्हणतात तसं एके वर्षी ते सगळं विकायला निघालं, आणि नोकरांना जाताना एकेक वस्तू मिळाली. कोणी घड्याळ घेतलं, कोणी भांडी. बापाने खुर्ची मागितली. दीड खोलीच्या घरात ती कोणाच्या ना कोणाच्या पायात यायची. बाप तिच्यावर कधीही बसला नाही. आई तिच्यावर ओली धुणी टाकायची. संध्याकाळी बाप ती धुणी एकेक करून काढायचा, घडी घालून बाजूला ठेवायचा आणि खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून मागे उभा राहायचा. "बसा की एकदा तरी," आई म्हणायची. "आता कोण बघतंय?" "कोणी बघतंय म्हणून उभा आहे का मी?" बाप म्हणायचा. हे वाक्य त्याला तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या, ते वाक्य त्याच्या दातांत सुपारीच्या तुकड्यासारखं अडकून बसलं. खानदान म्हणजे तरी दुसरं काय असतं? कोणी बघत नसतानाही आपण जे करतो ते. असं असेल तर त्या घरात खानदानी माणूस एकच होता आणि तो खुर्चीमागे उभा होता. पण या विचाराने त्याला बरं वाटलं नाही. असले विचार माणसाला फुकट मिळतात आणि फुकटच जातात. मुलीचं लग्न त्याने होत नाही. त्याला एवढंच हवं होतं की मुलीने खुर्चीच्या पुढच्या बाजूला बसावं. तीन पिढ्या मागे उभ्या राहिल्या. चौथी एकदा टेकली, की मग त्याला काहीही म्हणा. आणि आता एक म्हातारा येणार, त्याच्याकडे बघणार आणि म्हणणार, अरे, हा तर आमचा मागला.

रविवारी थंडी होती. मुलीने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. ती लहानपणापासून असंच करायची, कोणी बाहेर निघालं की त्याच्या मागे उभं राहून कॉलर, खांदे, मागची शिवण नीट बघायची. "बाबा, ते साहेब मला काही विचारतील का?" तिने वाटेत विचारलं. "नाही. ते कोणाला काही विचारत नाहीत." "तुम्ही का एवढे गप्प मग?" तिच्या आवाजात भीती नव्हती, काळजी होती, आणि त्याला वाटलं, आत्ता सांगावं. कंत्राटदाराच्या फाटकापासून दारापर्यंत खडी पसरली होती. पाय वाजत होते. सांगून टाकलं तर ती काय म्हणेल? काही म्हणणार नाही. ती समजूतदार आहे. ती आत जाईल आणि पहिल्या घासाबरोबर तिच्या तोंडावर ते उमटेल, कारण तिला लपवता येत नाही. ती कला एका पिढीत येत नसावी. "दात दुखतोय," तो म्हणाला.

कंत्राटदाराच्या घरात सगळे आधीच दालनात होते, आणि गालिचा मध्ये मोकळा सोडून सगळे कडेकडेने फिरत होते. कंत्राटदार, त्याची बायको, मुलगा. सहा महिन्यांपूर्वी कंत्राटदाराने त्याला सांगितलं होतं, आमच्यात पैसा आलाय पण वळण नाही, जरा चार गोष्टी सांगत जा. त्याने सांगितल्या होत्या. त्याला येत होत्या त्याच. धाकटे साहेब आले ते गालिच्याच्या मधोमध, बुटांना लागलेल्या चिखलासकट. पण समोर आलेला चेहरा त्याला ओळखूच आला नाही. गाल ओघळलेला, एका डोळ्याला पाणी येणारा कुठलाही म्हातारा. कंत्राटदार आपली नवी इमारत दाखवावी तसा त्याच्याकडे हात करून म्हणाला, "हे आमचे व्याही. तुम्ही ओळखत असालच." म्हाताऱ्याची नजर त्याच्या तोंडावरून गेली, न थांबता, आणि मागच्या कपाटावरच्या बाटल्यांवर स्थिरावली. "हो का. छान," तो म्हणाला. बस, एवढंच. मग तो टेबलाकडे वळला आणि त्याची मान दिसली. उजव्या कानाखाली मसुराएवढा तीळ. मानेच्या मधोमध खड्डा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन शिरा. ही मान याला गेलेल्या बायकोच्या चेहऱ्याइतकी पाठ होती. दोन हिवाळे त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

टेबलाशी सगळे आपापल्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. कंत्राटदार उभा, बायको उभी, मुलगा उभा, हा स्वतः उभा, मुलगी उभी. धाकटे साहेब केव्हाच बसले होते आणि पाव मोडून खायला लागले होते. त्यांना बाकीचे उभे आहेत हे विचित्र वाटलं नाही. त्यांच्या आयुष्यात खुर्च्यांमागे माणसं होतीच. मग बाकीचे बसले. साहेबांनी कोपर टेबलावर टेकलं, सूप आवाज करत प्यायले, हाड हातात घेऊन चोखलं, रुमालाला तोंड पुसून तो खाली टाकला. कंत्राटदाराचं कुटुंब नजर ताटाच्या काठावर ठेवून, चमचा न वाजवता, विचारल्याशिवाय एक शब्द न बोलता जेवत होतं. कंत्राटदाराच्या बायकोने स्वतःचा रुमाल जेवण अर्धं व्हायच्या आतच सुबक घडी करून ठेवला. ती घडी बघितली आणि त्याचा हातातला घास तसाच राहिला. बापाची घडी. ही सगळी माणसं नोकरांसारखी जेवत होती. त्याने या लोकांना दुसरं काहीच शिकवलं नव्हतं. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? त्याला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही येईलसं वाटलं, म्हणून त्याने पाण्याचा घोट घेतला. खानदानी माणसाला कुठलीच रीत पाळावी लागत नाही. रीत असते ती मागच्या माणसाला. एवढी साधी गोष्ट, आणि ती त्याला इतकी वर्षं रोज समोर दिसूनही कळली नव्हती. मान बघत बसला होता तो.

साहेब बोलत होते ते स्वतःशीच. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, लिफ्ट नाही, जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, गुडघे गेले. "कुठल्या गाढवाने बांधलाय कोण जाणे." कंत्राटदाराने कुठली इमारत ते विचारलं आणि त्याचे कान लाल झाले. "आमचंच काम आहे ते, साहेब." साहेबांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "असं? वाईट आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा हाडाकडे वळले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर कंत्राटदाराला सोसला असता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण हा पीळसुद्धा नव्हता. समोरच्याला काय वाटेल हा प्रश्नच त्या माणसाला जन्मात कधी पडला नव्हता. त्यातच साहेबांचा ग्लास रिकामा झाला आणि बोलता बोलता त्यांनी तो खांद्यावरून मागे धरला, मान न वळवता. मागे कोणी नव्हतं. ग्लास हवेत तसाच राहिला. सगळे त्या ग्लासाकडे बघत राहिले. याच्या मांड्या आपोआप ताठ झाल्या, टाचा उचलल्या गेल्या. त्याने दोन्ही हातांनी स्वतःच्या खुर्चीची बैठक खालून घट्ट पकडली आणि स्वतःला दाबून धरलं. त्याच्या कानात बापाचा आवाज होता. हात यायच्या आत, हात यायच्या आत. उशीर झाला, फार उशीर झाला. तेवढ्यात त्याची मुलगी उठली. कडेच्या फरशीवरून, पाय न वाजवता मागे गेली, ग्लास घेतला, भरला, आणि साहेबांच्या बोटांत असा ठेवला की त्यांना बोटं हलवावी लागली नाहीत. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. निदान त्याने तरी शिकवलंय असं त्याला वाटत नव्हतं. साहेब पीत राहिले. कंत्राटदाराची बायको मात्र जेवायची थांबली होती. आधी तिने तो मागे गेलेला हात बघितला, मग मुलीला बघितलं. चलाख बाई होती ती. आतापर्यंत आपलं काहीतरी चुकत होतं, हे तिला त्या क्षणी कळलं असावं.

निघताना साहेब दाराजवळ सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात किंचित मागे केले. कंत्राटदाराला वाटलं, आळस देतायत. पण हा पुढे झाला होता. आपण पुढे झालो हे त्याला कळलं तेव्हा कोट त्याच्या हातांत होता. अस्तर फाटलेलं, काखेत ठिगळ. त्याने तो बाह्यांतून चढवला, खांद्यावर बसवला, कॉलरखालून बोट फिरवून ती सरळ केली. मान त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती. त्याने श्वास रोखला. "मागल्या, काठी," धाकटे साहेब म्हणाले. "जी," तो म्हणाला, आणि काठी त्यांच्या हातात होती. साहेबांनी वळून बघितलं नाही. पायऱ्या उतरून, खडी तुडवत, ते निघून गेले. त्यांनी त्याचे हात ओळखले होते, की कुठल्याही हातांना ते हेच म्हणाले असते, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्याच्या मागे दारात सगळं घर जमलं होतं. आता झालं, त्याला वाटलं. त्याला जवळजवळ सुटल्यासारखंही वाटलं. एक तर आता तोंड मिळेल, नाही तर लग्न मोडेल, पण काहीतरी होईल.

मग कंत्राटदार मोठ्याने हसला. "काय हो व्याही, तुम्हाला गडी समजला की म्हातारा! डोकं गेलंय. आणि हे म्हणे खानदानी. जेवणाची पद्धत बघितलीत? माझे गवंडी बरे." त्याच्या हसण्यात जिन्याचा सगळा राग होता. त्याने याच्या खांद्यावर हात टाकला. "खरे घरंदाज तुम्ही. एवढा अपमान केला त्याने, पण तुम्ही जी म्हणून काठी दिलीत. याला म्हणतात रक्त." मुलगा कौतुकाने हसला. लग्न पक्कं झालं. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्याच्या आत कुठेतरी एक माणूस उठून उभा राहिला आणि त्याला त्या कंत्राटदाराच्या थोबाडीत मारावीशी वाटली, साहेबांना गवंड्याखाली घातलं म्हणून. साहेबांबद्दल असं बोलायचं नाही, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने ते गिळलं. त्याला स्वतःची किळस आली. ज्याने चाळीस वर्षांत एकदा आपलं तोंड बघितलं नाही, त्याच्यासाठी अजून रक्त तापतं, आणि यालाच हे लोक रक्त म्हणतात. मुलगी त्याच्याकडे बघत होती. ती हसली नव्हती. "बाबा, मागला म्हणजे काय?" तिने हळूच विचारलं. "काही नाही गं," कंत्राटदारच म्हणाला, "म्हातारपण. चला, कॉफी घेऊ, तारीख ठरवू."

बैठकीत ऊन आलं होतं. कंत्राटदार कोचावर पाय पसरून बसला. त्याने पहिल्यांदाच बूट गालिच्यावर ठेवले होते. मुलगा भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणायला गेला. कंत्राटदाराची बायको खिडकीजवळच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसली आणि आपल्या नवऱ्याशी बोलू लागली, लग्नानंतर मुलीने कचेरीत कशाला जायचं, घरात काय कमी कामं आहेत, आणि मला सोबत होईल. ती हे मुलीला सांगत नव्हती, मुलीबद्दल सांगत होती. "व्याही, बसा ना, उभे का?" कंत्राटदार म्हणाला. तेव्हा त्याला कळलं की आपण एका खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे आहोत. मुलगीही अजून बसली नव्हती. सगळे बसेपर्यंत ती कधीच बसत नसे. खिडकीजवळच्या खुर्चीमागे, फरशीवर, गालिच्याच्या बाहेर ती उभी होती, आणि तिची नजर भावी सासूच्या मानेवर होती. बस, बाळ, आधी तू बस, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. कंत्राटदाराच्या बायकोची कॉफी संपली होती. बोलता बोलता, मान न वळवता, तिने रिकामा कप खांद्यावरून मागे धरला. मुलीचा हात त्याआधीच तिथे पोचला होता.